मागे बसणारं माणूस

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडच्या घरांत काय होतं, हे तुम्हाआम्हाला चांगलं ठाऊक आहे. घरातला पुरुष मनाने आधीच गाडीवर बसलेला असतो. बाकीच्यांना विचारतो, ते आपलं विचारलं म्हणायला. करी रोडच्या अवधूत परबच्या घरीही हेच झालं.

अवधूत लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. वडील गिरणीत होते. त्यांची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा चौदाव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तिथे तो, त्याची बायको सुचित्रा आणि आई जाईबाई राहायचे. अवधूतला एकच हौस. मोठी टुरिंग बाइक घ्यायची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावायच्या, सुचित्राला मागे बसवायचं आणि समुद्राच्या कडेकडेने पार कारवारपर्यंत जायचं. नव्या गाडीची किंमत ऐकून तो गप्प बसायचा. मग एके दिवशी परळला, गिरणीच्या जुन्या आवारात, जुन्या बाइक विकणाऱ्या मितेशच्या दुकानात त्याला ती लाल गाडी दिसली आणि गडी पागल झाला.

"बॉस, ही माझी स्वतःची गाडी," मितेश सीटवर थाप मारत म्हणाला. "एक ओरखडा दाखवा, फुकट देतो. वहिनींना मागे बसवा बिनधास्त. सोफा आहे सोफा!"

सुचित्रा शेजारीच उभी होती. तिने अवधूतला बाजूला घेतलं.

"अरे, मागे मीच बसणार आहे ना? मग एकदा लहूला दाखव की."

लहू म्हणजे अवधूतचा शाळेपासूनचा दोस्त. लालबागला त्याचं गॅरेज होतं.

"लहूला काय दाखवायचं? आरशासारखी चकाचक आहे. आणि हा म्हणतोय, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. हातची जाईल गं!"

सुचित्रा आणखी काही बोलणार होती. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून तिने शब्द गिळले. गाडी घरी आली. जाईबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

पहिल्याच सुट्टीत दोघं निघाले. सुचित्राला ती सैर इतकी आवडली की हेल्मेटच्या आत ती मोठमोठ्याने गात होती. चहा हवा असला की उजव्या खांद्यावर एक टपली, उतरायचं असलं की दोन, असं त्यांचं ठरलं होतं. पेण मागे पडलं, वडखळ गेलं. नागोठण्याच्या पुढे रस्त्यात एक खड्डा आला. फार मोठाही नव्हता. गाडी त्यातून गेली आणि मागून कडाडकन आवाज झाला. मागची सीट खाली बसली, डावीकडची पेटी चाकात अडकली, गाडी आडवी झाली. अवधूत गाडीबरोबर फरफटत गेला, त्याचं खरचटण्यावर निभावलं. सुचित्रा मात्र हवेत उडाली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडांवर आपटली.

हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावा खुबा मोडला.

परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. प्लेट बसवली, स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, चालतील, काठी घेऊन चालतील. पण खाली बसणं आता विसरा. हे ऐकून सुचित्राने तोंड भिंतीकडे फिरवलं. पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात ज्या मोठमोठ्या रांगोळ्या पडतात, त्या काढणाऱ्या बायकांमध्ये ती दरवर्षी असायची. पहाटेपासून उकिडवी बसून ती रस्ता रंगवायची. ऑफिसातली नोकरी पोटासाठी होती. जीव त्या रांगोळीत होता.

गाडी टेम्पोत घालून लहूच्या गॅरेजात आणली. लहूने सीट काढली, खालचं प्लॅस्टिक काढलं आणि एका नळीवर नख घासून बघितलं.

"अव्या, इकडे ये. ही नळी बघ. मागच्या सीटचं सगळं वजन हिच्यावर असतं. ही आधी एकदा तुटलेली. कोणीतरी वेल्डिंग मारलं, वर काळा रंग फासला, स्टिकर चिकटवला. एकट्याने चालवली असतीस तर हिला काही झालं नसतं. पण मागे माणूस बसलं की..."

अवधूत तडक मितेशच्या दुकानात गेला. मितेश दुसऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या गाडीच्या सीटवर थाप मारून दाखवत होता.

"सेकंडहँड माल आहे बॉस. जशी आहे तशी घेतली, सही केलीत ना तुम्ही? रस्ते खराब, त्याला मी काय करू?" आणि मग गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारत म्हणाला, "वहिनी पण जरा हेवी वेट असतील!"

गिऱ्हाईक हसलं. मितेश हसला. अवधूत बाहेर पडला. पण त्याच्या आत काहीतरी पेटलं, ते विझेना.

त्या दिवसापासून तो माणूस बदलला. सुचित्राला धरून बाथरूमपर्यंत नेताना ती "आई गं" म्हणायची आणि त्याला ते हसू ऐकू यायचं. तिच्या जखमेची पट्टी बदलताना त्याचे हात हळुवार असायचे, पण दात आवळलेले असायचे. मोबाइलवर तो मितेशचे फोटो बघत बसायचा. मितेशने आता स्वतःसाठी आणखी मोठी, निळी गाडी घेतली होती. फोटोखाली लिहिलं होतं, 'राइड सेफ, भावांनो!' ते वाचून अवधूतच्या कानशिलात ठोके पडायचे. ती निळी गाडी रस्त्यावर आडवी झालीय, मितेश धुळीत पडून विव्हळतोय आणि आपण वर उभे राहून विचारतोय, "काय रे, हेवी वेट होतं का?" हे चित्र तो मनात पुन्हा पुन्हा रंगवायचा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्याला दुसरं कशातच सुख वाटत नव्हतं.

सुचित्राच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"अवधूत, ग्राहक आयोगात तक्रार करू या. पोलिसांत जाऊ या. लहू लिहून देईल काय सापडलं ते."

"आणि मग काय? तारखा! त्याचा वकील हसणार, तो हसणार. त्याला कळायला हवं ना, पडणं म्हणजे काय असतं!"

"त्याला कळून मला काय मिळणार?"

"तुला नाही, मला मिळेल!" तो ओरडला.

जाईबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अरे मेल्या, तो पडलो तर हिचो पाय बरो होतलो? सांग माका."

"आये, तू गप ऱ्हव. तुका नाय कळाचा."

"माका सगळा कळता. तुझ्या बापाशीच्या गिरणीत असोच एक होतो. मुकादमान कामावरसून काढल्यान, म्हणून ह्येना त्याच्या खोलयेक आग लावल्यान. मुकादम गावाक गेल्लो. घरात त्याची म्हातारी आवस होती. सूड काय पत्तो इचारून जाता काय रे?"

अवधूतने ऐकलं, पण कानाआड केलं. सूड डोक्यात शिरला की शहाणपणाचे शब्द दारावरूनच परत जातात.

मितेश दादरला एका जुन्या सोसायटीत राहायचा. रविवारी दुपारी सोसायटी जेवून पेंगलेली असते, तेव्हा अवधूत तिथे गेला. अंगात कंपनीचा शर्ट, हातात हत्यारांची पिशवी. लिफ्टवाल्याला कोण अडवणार? वॉचमनने मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. मागच्या बाजूला पार्किंगमध्ये निळी गाडी उभी होती. अवधूत तिच्यामागे खाली बसला आणि पान्याने मागच्या चाकाचा नट सैल करून ठेवला. आयुष्यभर ज्या हातांनी लोक पडू नयेत म्हणून नट आवळले, त्याच हातांनी! मध्येच त्याने पाना काढून घेतला. त्याने मितेशचं हसू आठवलं. पाना पुन्हा लावला.

मग तो रस्त्यापलीकडच्या रसवंतीगृहात जाऊन बसला. उसाच्या रसाचा ग्लास समोर आला, तो तसाच राहिला. त्याला बघायचं होतं. नुसतं कानावर येणं पुरेसं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं.

उन्हं कलली. मितेश खाली आला. काळं जॅकेट, हातात हेल्मेट, ओठांवर शीळ. त्याने गाडी फाटकापर्यंत ढकलत आणली आणि वर बघून हाक मारली, "चल लवकर! चौपाटीला गर्दी होईल!"

कोणाला हाक मारतोय हा?

जिन्यातून एक बाई बाहेर आली. तिशीची, हसरी, हातात दुसरं हेल्मेट. ती चालू लागली आणि अवधूत खुर्चीतच ताठ झाला. तिचा डावा पाय जरा ओढत येत होता. पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबायचं, मग कंबर उचलायची, मग पाय आणायचा. ही चाल त्याला पाठ होती! घरी सुचित्रा अशीच चालत होती!

लहूचे शब्द त्याला आठवले. ही आधी एकदा तुटलेली. मागे माणूस बसलं की...

आणि ती गाडी मितेशची स्वतःची होती. म्हणजे पहिल्यांदा त्या लाल गाडीवरून जी पडली, ती ही होती. आणि आता आपण तिलाच दुसऱ्यांदा पाडणार आहोत!

तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, पाय पलीकडे टाकला, मागे बसली. मितेशने गाडी सुरू केली.

"थांबा!" अवधूत किंचाळला. ग्लास उलटला. तो रस्त्यावर धावला, टॅक्सीवाल्याने करकचून ब्रेक दाबून शिवी घातली, तरी तो धावत राहिला. "अहो थांबा! गाडी हलवू नका! उतरा ताई, आधी खाली उतरा!"

तो हात पसरून गाडीसमोर उभा राहिला. मितेशने ओळखलं.

"तू? तू इथे काय करतोयस?"

"मागचं चाक... मी नट सैल केलाय. चालवू नका."

बाई खाली उतरली. मितेशने वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या क्षणी त्याने अवधूतची कॉलर धरली. "मारायला निघाला होतास आम्हाला? साल्या!" वॉचमन धावत आला, गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. कोणीतरी ओरडलं, "धरून ठेवा, पोलिसांना बोलवा!"

अवधूतने मार चुकवला नाही. तो एवढंच म्हणाला, "बोलवा. पण आधी ह्यांना विचारा, मी असं का केलं. ती लाल गाडी मला कशी विकली, ते विचारा. माझी बायको पडली तिच्यावरून. खुबा मोडलाय तिचा."

"लाल गाडी?" ती बाई म्हणाली. तिचं नाव रुचिका. तिने नवऱ्याकडे बघितलं. "कुठली लाल गाडी, मितेश? आपली?"

मितेशने कॉलर सोडली.

"ती तर तू भंगारात दिली होतीस. मी हॉस्पिटलात होते तेव्हा मला येऊन सांगितलंस, 'त्या गाडीचं तोंड बघायला नको आपल्याला.' माझ्यासमोर रडला होतास तू!"

"अगं, चांगली वेल्डिंग केली होती. वाटलं नव्हतं की..."

"माझी हाडं जिच्यावर मोडली, त्याच सीटवर दुसऱ्या बाईला बसवलंस?" रुचिकाचा आवाज सगळ्या सोसायटीने ऐकला. "आणि म्हणालास काय? नेहमीचंच? एक ओरखडा नाही? की सोफा आहे म्हणालास?"

मग रुचिका अवधूतकडे वळली. त्याला वाटलं, ही आता आपले आभार मानेल. माणसाचं मन किती वेडं असतं!

"आणि तुम्ही! ओरडलात म्हणून तुम्हाला देव म्हणू का? हा एकटाच निघाला असता, तर तुम्ही ओरडला असता?"

अवधूतने मान खाली घातली. "नाही."

"आणि पुढच्या वळणावर हा कोणाच्या अंगावर पडला असता? फुटपाथवरच्या पोरांच्या? तेव्हाही रस पीत बघत बसला असतात?"

"माझी चूक झाली, ताई."

"चूक नाही म्हणत ह्याला. चला, दोघंही चला पोलीस स्टेशनला. ह्याने लपवून विकलं, तुम्ही लपून सैल केलं. दोघांनी लपवलेलं आज उघड्यावर सांगायचं. मी येते बरोबर, तुमच्याही आणि ह्याच्याही विरुद्ध."

आणि ती खरोखरच पुढे चालू लागली, पाय ओढत. दोघे पुरुष तिच्या मागून गेले.

अवधूतने जबाबात सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. मितेशवर फसवणुकीची तक्रार झाली. लहू जामीन राहिला, तेव्हा कुठे अवधूत घरी पोहोचला. सुचित्रा काठी धरून दारातच उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

"आत ये," ती म्हणाली. तो आत आला. "मला एक सांग. हे तू माझ्यासाठी केलंस?"

"हो. म्हणजे... तुझे हाल बघवत नव्हते मला."

"मग मला विचारलंस का? गाडी घेताना मागे बसणारीला विचारलं नाहीस. सूड घ्यायला निघालास तेव्हाही विचारलं नाहीस. माझ्या मोडलेल्या हाडाचा पाना केलास तू, अवधूत! ती बाई पडली असती, तर रोज सकाळी उठून मी हा पाय कुठल्या तोंडाने टेकला असता? दुखणं मी सोसलं असतं रे. हे पाप कसं सोसायचं होतं मी?"

अवधूत मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "चुकलो गं... त्याला पाडायचं म्हणता म्हणता मी त्याच्याहून खाली गेलो!"

जाईबाईंनी पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. बोलायचं ते त्या आधीच बोलून चुकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सुचित्राने स्वतः ग्राहक आयोगाची तक्रार लिहायला घेतली. अवधूत तिच्या शेजारी बसून ती सांगेल ते टाइप करत होता. ह्या वेळी पुढे ती होती.

तारखा पडल्या, अवधूत म्हणाला होता तशाच. मितेशच्या वकिलाने पहिल्या सुनावणीला सांगितलं, रस्ता खराब होता, आमच्या अशिलाला काहीच माहीत नव्हतं. पण पुढच्या सुनावणीला रुचिकाचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं. आपण त्या गाडीवरून कशा पडलो, सीटखालची नळी कशी तुटली, ती तुटलेली नवऱ्याला कशी माहीत होती, सगळं तिने सहीनिशी लिहून दिलं होतं. माहेरच्यांनी समजावलं, सासरच्यांनी दटावलं, तरी ती मागे हटली नाही.

त्या दिवशी वकील काही बोलायला उठले, तर मितेशने त्यांच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला. त्याचा तो तोरा कुठे गेला होता कोण जाणे.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दोन माणसांची गाडी राहिली नव्हती ती. विकताना मला वाटलं, ही आपली माणसं थोडीच आहेत! आपल्याला काय!" त्याने वळून सुचित्राकडे बघितलं. "वहिनी, दुकानात मी तुमच्यावरून एक विनोद केला होता. तुमच्या मिस्टरांनी तो तुम्हाला सांगितला नसेल. पण त्याची मला लाज वाटते."

सुचित्राने नुसती मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. ती माफी अजून तिच्याकडेच आहे, आणि ती कधी द्यायची हे तिचं तीच ठरवेल. तिच्या बाजूने निकाल लागला. अवधूतचा स्वतःचा खटला अजून चालू आहे. जी शिक्षा होईल ती भोगायची, असं त्याने ठरवलं आहे. ज्या माणसाला धुळीत पडलेलं बघायची त्याने स्वप्नं रंगवली, तो माणूस त्या दिवशी भर सुनावणीत स्वतःहून खाली उतरला. ते बघून अवधूतला आनंद झाला नाही. पण बाहेर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांनी आपले दात आवळलेले नाहीत.

मित्रांनो, जुनी गाडी विकणं हा गुन्हा नाही, पण तिची मोडतोड रंगाखाली लपवणं हा नक्कीच आहे. आपण ज्याला फसवतो, त्याच्या पाठीशी त्याचा संसार बसलेला असतो. आणि ज्याच्यावर सूड उगवतो, त्याच्याही पाठीशी एक संसार बसलेला असतो. दोन्ही वेळा पहिली पडते ती मागची व्यक्ती, जिने कुणाचंच काही बिघडवलेलं नसतं. म्हणून अन्याय झाला तर गप्प बसू नका. भांडा, तक्रार करा, साक्षीपुरावे गोळा करा, चिकाटी सोडू नका! पण जे करायचं ते चार लोकांच्या देखत करा. जे काम लपूनच करावं लागतं, त्याला न्याय म्हणत नाहीत.